रकाना अकरावा

कॉनेमाराच्या त्या खाडीत पोचलो तेव्हा सुकती लागली होती
आणि माझ्या पिशवीत जुन्या शिडांच्या नावांचा
सरकारी तक्ता होता. सतरा रकाने.
पहिल्यालाच अडलो.

नावेचं नाव?
बार्तला म्हणाला, तीन आहेत.
बांधली तेव्हाचं एक, विकली तेव्हाचं एक,
आणि वाऱ्यात सापडल्यावर शिव्यांबरोबर तोंडात येतं ते.
कुठलं लिहू?
"तिसऱ्याला वळते ती," म्हणाला,
आणि वाकस उचलून कामाला लागला.

आराखडा?
आराखडा म्हणून त्याने मला आपला डावा डोळा दाखवला.
आज्याने फळी उभी धरली, एक डोळा मिटला,
म्हणाला अजून बोटभर काढ.
त्या बोटभरातून उतरलंय हे पोट,
गाभण गाईसारखं फुगून काठाशी आत वळलेलं,
डांबराने काळं कुळकुळीत.

माल?
दलदलीतली जळाऊ माती, विटांसारखी कापून वाळवलेली.
समोरच्या बेटांवर झाड नाही, सरपण नाही,
तिथल्या चुली हिच्या पोटावर पेटायच्या.
मग मोटारबोटीतून गॅसची नळकांडी आली
आणि ही एकोणीस वर्षं चिखलात कुशीवर.
पोरं लपाछपी खेळली. एक बदकीण दरसाल अंडी घालून गेली.
(बदकिणीला रकाना नव्हता.)

अकरावा: मूळ लाकूड किती टक्के?
साठाच्या खाली अनुदान नाही.
माझ्या पेन्सिलीकडे त्याने जरा वेळ पाहिलं.
चल, म्हणाला.

नेन्साच्या खुराड्याचं दार: उजव्या बाजूची सातवी फळी.
दमट हवेत तिला अजून मीठ सुटतं, कोंबड्या चाटतात.
शाळेच्या बाईंकडे पुस्तकांचा फळा,
खिळ्याच्या गंजक्या भोकात त्यांची लेखणी उभी.
वळणावरच्या दारूच्या दुकानात बाक.
आणि टेकडीवर, गवताखाली,
पिगीनच्या बापाच्या पेटीचं झाकण.
"तीही धर," म्हणाला. हसला नाही.

म्हणजे नावेत जुनं काय उरलं?
"नाळ. तेवढी तीच आहे.
ती कापायला माझा हात झाला नाही."

उधाणाच्या दिवशी मेंढीची चरबी फासलेल्या ओंडक्यांवरून
चाळीसेक माणसांनी तिला ढकललं. माझे बूट तिथेच गेले.
ती तरंगली. लाल-तपकिरी शीड अजून घडीतच होतं.
आणि तिच्या प्रत्येक सांध्यातून पाणी.
पाणी! मी ओरडलो. पाणी येतंय!
कोणी मान वळवली नाही.
नेन्सा उकडलेले बटाटे वाटत होती, मलाही एक मिळाला,
हातात धरवेना इतका गरम.

"एकोणीस वर्षं कोरडी आहे," बार्तला म्हणाला,
"पिऊ दे की."

तरी रात्री माझ्या समाधानासाठी त्यांनी मला बादली दिली.
मी उपसत बसलो. मी काढलं तेवढंच ती पुन्हा प्यायली.
अंधारात कुठेतरी लाकूड कुरकुरत होतं,
जेवण झाल्यावर माणूस पट्टा सैल करतो तसं,
आणि नव्या लार्चच्या वासाखालून
हळूहळू वर येत होता मातीच्या धुराचा वास,
जो एकाही नव्या फळीने कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या रात्री गुडघ्यापर्यंत.
तिसऱ्या रात्री बादली तळाशी खरवडली.

डब्लिनला येऊन अकराव्या रकान्यात लिहिलं:
भिजल्यावर मोजावे.
तक्ता परत आला. पुन्हा तेच लिहून पाठवला. पुन्हा आला.
अनुदानाचं अजून काही कळलेलं नाही.

बादली मात्र खाडीतच आहे, ऐकतो.
पोरांनी तिच्यावर माझं नाव रंगवलंय.
जन्माचं नाही, नोकरीतलंही नाही.
तिसरं.